पांढऱ्या रुईखालचं फूल

आमच्या घरमालकांना झाडांची आवड नव्हती. हे आधीच सांगतो, कारण आता सगळे उलटंच सांगतात. त्यांची लेक सिरुसेरीला तिच्या फ्लॅटवर आल्यागेल्याला म्हणते की अप्पांना गार्डनिंगचा फार नाद. खोटं आहे. मी चेन्नईत तिरुवोत्रियूरला त्यांच्या घरात खालच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं काढली. तुळससुद्धा त्यांनी आमच्या मंडळींना कुंडीत लावू दिली, आणि ती कुंडी गेटच्या बाहेर. मोगरा, जास्वंद, केळ, जे इथे प्रत्येकाच्या अंगणात असतं, ते त्यांच्या अंगणात नव्हतं. "पाणी घातलं कीं येतं. त्यांत काय अहे?" म्हणायचे.

त्यांच्या अंगणात दोनच गोष्टी होत्या. एक पांढऱ्या रुईचं झाड, माझ्या खांद्याला लागेल एवढं. आणि त्याच्या बुडाशी सहा फूट लांब, सहा फूट रुंद वाळू, भोवती विटा उभ्या लावलेल्या. त्या वाळूत काही नव्हतं. रोज सकाळी स्टूल टाकून मालक ते काही नसलेलं तासभर बघत बसायचे.

खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते तसेच बसलेले होते. मान न वळवता म्हणाले, "तूं कुठल्या गांवचा अहेस रे?" मला वाटलं म्हातारा माझी चेष्टा करतोय. पोथीत असतं तसलं मराठी, त्याला तमिळ हेल, आणि मध्येच अय्यो. मग कळलं की हे तंजावरकडचे मराठी. त्यांचे वाडवडील कधीतरी राज्याबरोबर आले आणि इथेच राहिले. घरात अजून तेव्हाचीच भाषा. माझं मराठी ऐकून त्यांनाही हसू येत होतं, पण ते वयाने मोठे म्हणून त्यांनी हसून घेतलं आणि मी गप्प बसलो.

नाव त्यांनी विचारलंच नाही. मी आटपाडी म्हणालो, तेव्हापासून मी आटपाडी. दूधवाला आरणी, इस्त्रीवाला तिंडिवनम. नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, त्यात माणसाचं स्वतःचं काय, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मंडळींना विचारलं तेव्हा तिने सवयीने आटपाडीच सांगितलं. "तें याचं झालं. तुझं?" तिने माझ्याकडे बघितलं, मग हळूच खरसुंडी म्हणाली. आमच्या लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत तिला तिच्या माहेरच्या गावाने कोणी हाक मारली नव्हती. मीही नाही. वरच्या मजल्यावरून "खरसुंडी" अशी हाक आली की ती पिठाचे हात तसेच घेऊन जिन्यापाशी जायची. मी हाक मारली की "आले" म्हणायची आणि यायची नाही.

मी गलाईवाला. सोनं-चांदी वितळवून त्यातली भेसळ काढणारा. आमच्या भागात पाऊस बेताचा, म्हणून आमच्याकडची माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभर गेली. मी चौथी झाल्यावर चुलत्याबरोबर इकडे आलो आणि जॉर्ज टाउनच्या एका बोळात आयुष्यभर विस्तवासमोर बसलो. तेजाबाच्या धुराने नाक गेलं. वरण करपलं तरी मला कळत नाही. शिक्षण नाही, बोलणं सरळ, लोकांना लागतं. मालकांना लागलं नाही, कारण ते माझ्यापेक्षा वाईट बोलायचे.

समोरच्या घरातली म्हातारी एकदा मुद्दाम सांगायला आली की अंगणात एरुक्कु, म्हणजे आपली रुई, असू नये, घर ओसाड पडतं. मालक म्हणाले की घर ओसाड पाडायला झाड कशाला, त्याला मुलं पुरतात. त्यांचीच लेक तेव्हा मागे उभी होती. ती हसली. ते हसले नाहीत.

डिसेंबरात इथे थंडी कसली असते? तरी कानाला मफलर, अंगात स्वेटर, आणि पायात काही नाही. दहीभात उभ्यानेच खायचे, ताट हातात घेऊन, वाळूकडे तोंड करून. घड्याळ घालायचे पण उजव्या हातात आणि आतल्या बाजूला. विचारलं तर म्हणाले, वेळ मला बघायची असते, दुसऱ्यांना दाखवायची नसते.

आता त्या वाळूचं सांगतो.

मालक नोकरीत असताना सरकारच्या मिठाच्या खात्यात होते. अकरा वर्षं कच्छात रणाच्या कडेला त्यांची बदली होती. खारी जमीन, वाळू, वारा, आणि मैल मैल काही नाही. तिथे एका फाल्गुनात त्यांनी एक फूल पाहिलं. वाळूतून सरळ वर आलेलं, पिवळंधमक. पान नाही, फांदी नाही. नुसता हातभर दांडा आणि त्याला चहूबाजूंनी फुलं. वाळूत कोणीतरी हळदीचं कणीस रोवून ठेवल्यासारखं. त्यांनी तिथल्या रबाऱ्याला, म्हणजे उंट-मेंढ्या चारणाऱ्याला, विचारलं की याची पानं कुठे आहेत. तो म्हणाला, शेजारच्या झाडाला. मालकांना ते उत्तर इतकं आवडलं की ते पुढे जन्मभर सांगत राहिले. मी शंभर वेळा तरी ऐकलं.

गोष्ट अशी की त्या फुलाला स्वतःचं काही नसतं. ते जमिनीखाली दुसऱ्या झाडाच्या मुळाला चिकटतं आणि त्याचंच खाऊन जगतं. कच्छात ते पिलूच्या झाडावर येतं, रुईवर येतं. दोन-दोन, तीन-तीन वर्षं जमिनीतच असतं. मग एके दिवशी वर येतं, पंधरा-वीस दिवस फुलतं आणि संपतं. मालक निवृत्त होऊन परत येताना त्याचं बी घेऊन आले. बी कसलं, तपकिरीसारखी धूळ. औषधाच्या गोळ्यांच्या डबीत कापसाखाली ठेवलेली. मी यायच्या आधी त्यांनी ते दोनदा लावून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा पावसाने कुजलं. डबीत शेवटची चिमूट राहिली होती.

ती चिमूट आम्ही लावली. खड्डा मी खणला, गुडघाभर, रुईच्या मुळांना फावडं न लावता, हाताने वाळू उपसत. मालकांनी वर्तमानपत्राच्या कागदात बी पसरलं, त्याच्या पुड्या केल्या आणि कोवळ्या मुळांना एकेक टेकवून ठेवली. आमची मंडळी कडेला बसून बघत होती. तिने विचारलं, "मामा, दुसऱ्याच्या जीवावर जगणारी चीज कशाला वाढवायची?" तिने सहज विचारलं होतं. मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "हा आटपाडी चाळीस वर्षं तुझ्या हातचं खातो. याला कोणी कांहीं म्हटलं?" ती हसून हसून आडवी झाली. मला राग आला. मी खड्ड्यात वाळू लोटायला लागलो.

इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा नाही. ऐप्पसी महिना लागला, म्हणजे आपली दिवाळी आली, की समुद्राकडून येतो आणि रस्ते बुडवतो. तेव्हा मालक वाळूवर चार बांबू रोवून ताडपत्री बांधायचे. भोवती चर. अख्खं चेन्नई पाण्यात आणि तेवढी सहा बाय सहा जागा कोरडी. एका वर्षी स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी शिरलं, तर ते आम्हाला बादली द्यायला नाही, ताडपत्री धरायला बोलवायला आले.

यातून एक भानगड झाली. गल्लीतल्या लोकांनी हिशेब जुळवला. म्हाताऱ्याने अंगणात खड्डा खणला. त्यावर वाळू टाकली. रोज राखण बसतो, पावसात झाकतो, कोणाला पाय ठेवू देत नाही. आणि भाडेकरू कोण ठेवलाय, तर सोनं वितळवणारा. एका सकाळी हवालदार आला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की खाली किती आहे. मी म्हणालो, मुळं आहेत. त्याला वाटलं मी त्याला उडवतोय.

मालक वरून आले. त्यांनी हवालदाराला गाव विचारलं. तो चेय्यारचा निघाला. मग त्याला स्टुलावर बसवून त्यांनी कच्छापासून सुरुवात केली. अर्धा तास तो बिचारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सरी, सार, ठीक आहे. फूल कुठे आहे?"

"आंत अहे."

"बाहेर कधी येणार?"

"तें मला ठाऊक असतं तर मी इथे रोज कसाला बसलों असतों?"

हवालदाराने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. त्यानंतर दर दोन महिन्यांनी तो गेटपाशी सायकल थांबवून विचारायचा, आलं का? मालक त्याला चेय्यार म्हणायचे.

मालकांना घाई होती, आणि ती का होती ते मला त्यांच्या लेकीकडून कळलं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर कडेकडेने आत येत जाईल आणि मग जाईल. दोन-तीन वर्षं, फार तर. औषधं घालायची, पण परत काही मिळणार नाही. त्यांनी स्वतः हे एकदाच सांगितलं, आणि तेही आमच्या मंडळींना, माझ्यासमोर. म्हणाले, मला आता दुसरं कांहीं बघायचं नाही. हें एकदां बघितलों कीं पुरे.

त्याच सुमाराला तिच्या किडन्या गेल्या.

त्याचं फार सांगत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. तिरुवोत्रियूरहून मेट्रो, सेंट्रलला बदलायची, अण्णा नगरला उतरायचं, चार तास ती यंत्राला जोडलेली आणि मी बाहेर बाकावर. डाव्या हाताला शीर जोडली होती, तो हात सुजून दोरखंडासारखा झाला होता. मंगळवारी, गुरुवारी तिला बरं वाटायचं. शनिवारी सकाळी सगळ्यात बरं. त्या दिवशी ती अंगणात खुर्ची टाकून बसायची, मालकांच्या स्टुलाशेजारी. दोघं तासन् तास बसायची. काय बोलायची ते मी कधी ऐकलं नाही. मी गेलो की गप्प व्हायची, मग मी निघून यायचो.

मालकांना पानांचं फार होतं. पिळ्ळैयारच्या चतुर्थीला बायका एरुक्कुची फुलं मागायला यायच्या, गणपतीला हार करायला. फुलं ते देत. पानाला हात लावू देत नसत. पान म्हणजे खालच्याचं जेवण, म्हणायचे. वरचं झाड पानांनी कमावतं आणि खालचा बसून खातो. पान तोडलं तर पहिल्यांदा उपाशी कोण राहील? वरचा नाही. वरचा स्वतःपुरतं ठेवून घेईल. दर रविवारी ते झाड हाताने चाचपायचे, फांदी फांदी, पानं मोजत. डोळे अधू होत गेले तसे तिला शेजारी उभं करायचे. पुढे राखणच तिला दिली. "खरसुंडी, तुझे डोळे चांगले अहेत. तूं बघ."

आता माझं.

माझ्या थोरल्या भावाने गावाहून फोनवर सांगितलं की शनिवारी मारुतीला पांढऱ्या रुईच्या अकरा पानांची माळ घाल, अकरा शनिवार. गावाकडे आम्ही लहानपणापासून घालत आलोय. इथल्या आंजनेयराला वड्यांची माळ घालतात, लोण्याचा लेप देतात. रुईची माळ घेऊन गेलो तेव्हा देवळातला भटजी माझ्याकडे बघतच राहिला, पण घेतली. साधी, जांभळट फुलांची रुई इथे रेल्वेच्या कडेने हवी तेवढी आहे. पांढरी मी सगळीकडे शोधली. सापडली ती एकाच ठिकाणी. माझ्या दारापासून पंधरा पावलांवर.

शनिवारी पहाटे मालक उठायच्या आत मी अकरा पानं तोडायचो. खालची, आतल्या अंगाची. चीक हाताला लागू नये म्हणून फडकं धरायचो. अकरा शनिवार झाले. तिचं रक्त थोडं वाढलं, डॉक्टर म्हणाला बरं आहे. मग मी कसा थांबणार? तुम्ही थांबला असता का? मी चालू ठेवलं. रविवारी मालक झाड चाचपायचे आणि म्हणायचे, अकरा कमी अहेत. दर वेळी अकराच. समोरच्या म्हातारीवर संशय घेतला, बकऱ्यांवर घेतला. मी शेजारी उभा असायचो आणि तोंड उघडत नव्हतो. एरवी कोणालाही काहीही बोलणारा मी.

तिने मला तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पकडलं. एका शनिवारी मी पानं पिशवीत घालून वळलो तर ती दारात उभी.

"त्येंनी मला राखण दिलीया," म्हणाली. "मी राखण करायची आन् तुमी चोरी."

मी म्हणालो, "तुझ्यापरास फूल मोठं हाय का?"

"माझं काय हुयाचं ते हुईल. त्येंच्या फुलाचं तरी हुदे. मला बी बघायचंय ते."

"बरी हो, मग बघ."

"मी काय पानावर जगतीय व्हय? तोडू नगासा."

मी बरं म्हणालो. पुढच्या शनिवारी आणखी लवकर उठून तोडली. तिला कळत होतं. रविवारी मालक अकरा म्हणायचे तेव्हा ती म्हणायची, अळी लागलीया मामा. तिने जन्मात कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, ती दर रविवारी बोलायला लागली. माझ्यासाठी. आणि मालक तिच्यावर विश्वास ठेवून रुईवर असतातच त्या पट्टेवाल्या अळ्या पानापानावर बोटांनी हुडकायचे, डब्यात घालायचे आणि रेल्वेच्या कडेला नेऊन साध्या रुईवर सोडून यायचे. मारायचे नाहीत. काठी टेकत, रस्ता ओलांडून. एकदा रिक्षाखाली येता येता वाचले. तरी पुढच्या शनिवारी मी पानं तोडली.

दोन वर्षं असं चाललं. दोन फाल्गुन गेले. वाळूत काही आलं नाही.

ती परवाच्या ऐप्पसीत गेली, शुक्रवारी, यंत्रावरच. पाऊस होता. मालक अंगणात ताडपत्रीखाली उभे होते, लोक तिला घेऊन आले तेव्हा. त्यांना तोवर नुसता उजेड आणि अंधार कळत होता. त्यांनी पायांच्या आवाजावरून ओळखलं की चौघं काहीतरी उचलून आणतायत.

मी मारुतीला जायचं सोडलं. रागाने नाही. कारण राहिलं नाही. रुई भरून आली. रविवारी मालक चाचपायचे आणि म्हणायचे, अळी गेली.

फेब्रुवारीत एका सकाळी मी पायरीवर बसलो होतो. सवयीने लवकर जाग येते आणि आत बसवत नाही. वाळूला एक भेग दिसली. भाकरी फुगताना पापुद्रा फाटतो तशी. मी कोणाला सांगितलं नाही, म्हटलं कुत्र्याची छत्री असेल. दुसऱ्या दिवशी अंगठ्याएवढं काहीतरी वर, तपकिरी, खवल्याखवल्याचं. मी ताडपत्री काढून घेतली आणि वर टोपली पालथी घातली. पाचव्या दिवशी टोपली उचलली तर बुडाकडची फुलं उमलली होती.

मी वर गेलो आणि दार वाजवलं. म्हणालो, आलंय.

मालक मफलर न घेता उतरले. भिंतीला हात लावत आले, विटांपाशी गुडघ्यावर बसले आणि हात पुढे केला. मी त्यांचं मनगट धरून बोटं फुलावर ठेवली. बुडापासून टोकापर्यंत त्यांनी ते चाचपलं. परत खाली आले. परत वर. मग मान वळवून घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "खरसुंडी, आलं बघ."

हाक मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच फुलावर राहिला.

मला तिथे राहवलं नाही. मी म्हणालो, "पानं मी तोडत होतो."

"कसाला?"

"मारुतीला. तिच्यासाठी."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. दर शनिवारी. ती पानं अळीने खाल्ली नव्हती. तिला ठाऊक होतं, तिने मला सांगितलं होतं तोडू नका म्हणून. मी ऐकलं नाही."

मला वाटलं शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या. ते म्हणाले, "दोन वर्षांमागे मला डोळे होते."

मग म्हणाले, "तीही होती."

मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. भिंत धरून एकटेच वर गेले आणि आतून कडी लावली.

अकरा पानांनी फूल दोन वर्षं मागे पडतं का, हे मला माहीत नाही. मला झाडांतलं कळत नाही. सोन्यात तांबं किती आहे ते मी नुसत्या रंगावरून सांगेन, पण हे मला कोणी वितळवून दाखवू शकत नाही. कदाचित पडत नसेल. मालकांनी तसं म्हटलं असतं तर मी लगेच मानलं असतं. ते म्हणाले नाहीत.

तीन दिवस ते खाली आले नाहीत. मी फुलापाशी बसून राहिलो. समोरची म्हातारी आली, हात जोडून गेली. चेय्यारचा हवालदार आला, टोपी काढून उभा राहिला आणि एवढ्यासाठी का, असं काही म्हणाला नाही. लेक सिरुसेरीहून आली, तिने फोनवर फोटो काढले आणि अप्पांना दाखवते म्हणून वर पळाली, मग अर्ध्या जिन्यात थांबली. वरून एकदाच त्यांचा आवाज आला, तिला म्हणत होते की माझी पेटी भर, मी तुझ्याकडे येतो. घर असंच राहू दे, आटपाडीला राहू दे. असं त्यांचं जायचं ठरलं. आता ते तिथे सोळाव्या मजल्यावर असतात. मी महिन्यातून एकदा जाऊन येतो.

पण त्याच्या आधी, चौथ्या दिवशी सकाळी, ते खाली आले. स्टूल कुठे आहे ते पायाने शोधलं आणि बसले. मी उठायला लागलो तर म्हणाले, बस.

"किती उमललं?"

मी म्हणालो, निम्म्याच्या वर.

"वास?"

"माझं नाक गेलंय."

"असूं दे. रंग?"

"पिवळा."

"असं नाही," म्हणाले. "मला नको सांगूं. मी पाहिलों अहे, कच्छात. मला ठाऊक अहे कसं असतं. तिला सांग. ती बघितली नाही."

मी म्हणालो, मला असलं बोलता येत नाही.

"मग दोन वर्षं मारुतीशीं काय बोलत होतास?"

मी वाळूत बसलो. मालक वाट बघत होते, त्यांना त्याची सवय होती. मग मी सुरुवात केली. म्हटलं, बुडाशी जाड आहे, तुझ्या मनगटाएवढं. डाव्या नाही, उजव्या. खाली खवले आहेत तपकिरी, सुकलेल्या मक्याच्या कणसाला असतात तसे. त्यावर फुलं लागतात, एकाला एक चिकटून, पाच पाकळ्यांची, तोंड बाहेर करून. मोजली तर चुकतात. पान एकसुद्धा नाही. पिवळा म्हटलं तो हळदीचा नाही, मालक चुकीचं सांगत होते. मूस उतरवल्यावर सोनं थंड होताना एकदम जो रंग धरतं, तो. तू भट्टीवर डबा घेऊन यायचीस तेव्हा मी तुला एकदा दाखवला होता, तुला आठवत असेल. टोकाला अजून चार बोटं कळ्या आहेत, त्या हिरवट आहेत. मुंग्या चढल्यात, त्यांना मी हाकलत नाही.

समोरच्या घरावरून ऊन आधी वाळूवर आलं, मग फुलावर आलं. तेव्हा रंग बदलला. तोही मी तिला सांगितला.